वायफाय बंदच होत नाही, डेटा आपोआप संपतो, बटन दाबलं की लिस्ट उघडते: आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

खालीलपैकी काही तुमच्या किंवा घरच्यांच्या फोनमध्ये होत असेल तर आधी हे वाचा, मग दुकानाची पायरी चढा.

– वरून खाली ओढून वायफायचं बटन दाबलं की ते बंद व्हायच्या ऐवजी एक लिस्ट उघडते, त्यात वायफाय पण आणि मोबाईल डेटा पण
– रात्री वायफाय किंवा ब्लूटूथ बंद करून झोपलो, सकाळी उठून पाहतो तर चालू
– घरी फायबरचं नेट आहे, वरती वायफायचं चिन्ह दिसतं, तरी दुपारच्या जेवणापर्यंत आजचा डेटा संपल्याचा मेसेज
– विमानाचं बटन दाबलं तरी कानातला ब्लूटूथ हेडफोन वाजतच राहतो
– फोन उचलला पण समोरच्याचा आवाजच नाही, आणि मग कळतं की आवाज आतल्या खोलीतल्या स्पीकरवर चाललाय
– अपडेट झाल्यापासून वरून ओढलं की फक्त मेसेज दिसतात, बटनं कुठे गेली कळत नाही
– वायफायचं बटन राखाडी पडलंय, दाबलंच जात नाही. हे शेवटचं मात्र बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे, हे असेल तर सरळ खालचा शेवटचा भाग वाचा.

नागपूरला मानेवाडा रोडवर माझं रिचार्ज आणि मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान आहे. "भाऊ, पाहा नं, वायफाय बंदच नाही होऊन राहिलं" हे वाक्य मी गेल्या तीन-चार वर्षांत इतक्यांदा ऐकलं की आता समोरच्याने फोन काउंटरवर ठेवायच्या आधीच अंदाज येतो. आणि येणाऱ्यांत म्हातारी माणसं जास्त, ती येतात तेच अपराधी चेहरा करून. उमरेडहून नातवाकडे राहायला आलेले एक आजोबा तर म्हणाले, "मले वाटलं माह्याच हातून काही दाबल्या गेलं." त्यांच्या हातून काही झालं नव्हतं. फोनही धड होता. एका रात्रीत अपडेट झालं आणि ज्या बटनाने वर्षानुवर्षं एक काम केलं त्याचं काम बदललं, आणि ते कोणी सांगितलं नाही. हेच मला सगळ्यात जास्त लागतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

नेमकं बदललं काय ते आधी थोडक्यात. आयफोनमध्ये २०१७ च्या आयओएस ११ (आयफोनची सिस्टीम) पासून कंट्रोल सेंटरमधलं, म्हणजे ओढून उघडणाऱ्या बटनांच्या पानावरचं, वायफाय आणि ब्लूटूथचं बटन पूर्ण बंद करत नाही, फक्त आत्ताचं कनेक्शन तोडतं. ॲपलचं हातातलं घड्याळ, एअरड्रॉप (जवळच्या आयफोनला फोटो-फाईल पाठवायची सोय) वगैरे चालावं म्हणून आतलं यंत्र जागंच राहतं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजता ते परत जोडायला मोकळं होतं, किंवा तुम्ही जागा बदलली तर त्याच्याही आधी. अँड्रॉइडमध्ये २०२१ ला अँड्रॉइड १२ आलं तेव्हा वायफाय आणि मोबाईल डेटा ही दोन बटनं मोडून "इंटरनेट" नावाचं एकच बटन केलं. सगळ्या फोनमध्ये नाही, काही कंपन्यांनी स्वतःची दोन वेगळी बटनं ठेवली, म्हणून तर नवऱ्याच्या फोनमध्ये एक आणि बायकोच्या फोनमध्ये दुसरंच असा गोंधळ घरोघरी आहे. विचार असा होता की लोक खराब वायफाय बंद करतात, परत चालू करायला विसरतात आणि डेटा उडतो. विचार चुकीचा नाही. पण माझं मत स्पष्ट आहे, चालू-बंदचं बटन हे भिंतीवरच्या पंख्याच्या बटनासारखं पाहिजे, बंद म्हणजे बंद.

आता तपासणी. फुकटची आणि सोपी आधी, अवघड नंतर. मधलं काही सोडू नका, कारण पुढची प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा जास्त वेळ खाते आणि काही पायऱ्यांत सेव्ह केलेल्या गोष्टी पुसल्या जातात.

बटनं सापडत नाहीत

सॅमसंगच्या वन यूआय ७ (सॅमसंगची अँड्रॉइडवरची स्वतःची सिस्टीम) पासून वरच्या पट्टीचे दोन भाग झाले. डावीकडून किंवा मधून खाली ओढलं की नोटिफिकेशन, उजव्या कोपऱ्यातून ओढलं की बटनं. शाओमीच्या बऱ्याच फोनमध्येही असंच डावं-उजवं आहे, आणि आयफोनच्या ज्या मॉडेलला खाली गोल बटन नाही त्यात पण कंट्रोल सेंटर उजव्या कोपऱ्यातूनच येतं. तर आधी उजव्या कोपऱ्यातून ओढून पाहा. इतकंच. जुन्यासारखं एकत्र पाहिजे असेल तर सॅमसंगमध्ये बटनांच्या वरची पेन्सिल दाबा, पॅनल सेटिंग्समध्ये जा आणि "टुगेदर" निवडा. घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर हे आजच करून द्या. मी ज्यांना ज्यांना करून दिलं ते परत या तक्रारीसाठी आले नाहीत.

बटन दाबलं की लिस्ट उघडते

हा बिघाड नाही. लिस्टमध्ये वायफायसमोर वेगळी खिटी असते, ती सरकवली की वायफाय बंद, मोबाईल डेटाची खिटी वेगळी. लोक काय करतात, लिस्ट उघडली की घाबरून बाहेर येतात, परत दाबतात, परत लिस्ट, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी घाईत भलतीच खिटी सरकवतात. डेटा चालू राहतो, वायफाय बंद होतं आणि मग दोन दिवसांनी रिचार्जवाल्याशी भांडण. म्हणून लिस्ट उघडली की थांबा, दोन्ही खिट्यांसमोरचं नाव वाचा, मगच हात लावा. पेन्सिलवर दाबून वायफायचं वेगळं बटन मिळतं का तेही पाहून घ्या, काही फोनमध्ये मिळतं, काहींत नाही.

बंद केलेलं परत चालू होतं

इथे तीन वेगळी कारणं असतात.

आयफोन असेल तर वर सांगितलं तेच, कंट्रोल सेंटरमधून नाही तर सेटिंग्समध्ये वायफायच्या पानावर जाऊन बंद करा, तिथलं बंद हे खरंखुरं बंद. रंग पाहायची सवय लावा. बटन निळं असेल तर चालू, रंग उडालेला पण तिरपी रेघ नाही तर फक्त तोडलेलं, आणि चिन्हावर तिरपी रेघ आली तरच पूर्ण बंद.

अँड्रॉइड असेल तर इंटरनेटच्या सेटिंगमध्ये नेटवर्क प्रेफरन्सेस म्हणून पान असतं, त्यात "वायफाय आपोआप चालू करा" असं काहीसं लिहिलेलं सापडेल. सॅमसंगमध्ये हेच वायफायच्या पानावरच्या तीन टिंबांत, इंटेलिजंट वायफायच्या आत असतं. हे चालू असलं की तुम्ही सीताबर्डीहून घरी आलात, फोनला घरचं ओळखीचं वायफाय जवळ दिसलं की तो स्वतःच चालू करतो. पाहिजे असेल तर ठेवा, सोयीचं आहे, पण काय होतंय ते माहीत असू द्या. ब्लूटूथचंही तसंच, अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथ बंद करताना "उद्या आपोआप चालू करा" अशी खूण असते, ती काढली नाही तर उद्या ते चालू होणारच.

तिसरं कारण लोकेशनच्या आत लपलेलं आहे. लोकेशन सर्व्हिसेसमध्ये वायफाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग अशा दोन खिट्या असतात. वायफाय बंद असलं तरी फोन आजूबाजूची नेटवर्कं हुंगत राहतो, त्यावरून तुमची जागा अचूक कळते. यात डेटा चोरीला जात नाही, फोन कुठल्या नेटवर्कला जोडलाही जात नाही, त्यामुळे ज्यांना कोणी भीती घातली असेल त्यांनी निवांत राहा. आवडत नसेल तर दोन्ही बंद करा.

विमान मोडमध्ये हेडफोन वाजतो त्याचंही उत्तर इथेच देतो. अँड्रॉइड ११ पासून ब्लूटूथ हेडफोन जोडलेला असेल तर विमान मोड ब्लूटूथला हात लावत नाही. तसं बनवलेलंच आहे.

घरी वायफाय असून डेटा संपतो

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे लोकांचे पैसे जातात, आणि पैशापेक्षाही मोठं काही जातं.

आमच्या गल्लीतल्या एक काकू, शाळेतून रिटायर झालेल्या, मुलगी पुण्याला. मागच्या मे महिन्यात दुकानात आल्या आणि म्हणाल्या मोठ्या डेटाचं रिचार्ज सांग, रोजचा दीड जीबी पुरत नाही. मी विचारलं घरी तर वायफाय आहे नं? म्हणाल्या हो, पण तरी संपतो, म्हणून मी आता मुलीला व्हिडीओ कॉल करणंच सोडलं. घरात नेट असून बाई नातवाचा चेहरा पाहायची थांबली होती. मी दुकान पोराकडे सोपवून त्यांच्या घरी गेलो.

फोनमध्ये "वायफाय कमजोर असेल तर मोबाईल डेटावर जा" हे चालू होतं. सॅमसंगमध्ये ते त्याच इंटेलिजंट वायफायमध्ये "स्विच टू मोबाईल डेटा" नावाने असतं, दुसऱ्या अँड्रॉइडमध्ये वायफाय असिस्टंट किंवा तत्सम नावाने, आणि आयफोनमध्ये मोबाईल डेटाच्या पानावर अगदी तळाशी वायफाय असिस्ट, ते २०१५ च्या आयओएस ९ पासून आहे आणि फोन घेतल्यापासून चालूच असतं. वायफाय ढिलं पडलं की फोन गुपचूप डेटा वापरतो. कॉल तुटत नाही, त्यामुळे माणसाला कळतही नाही.

आधी हे बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे आणि एक पैसा लागत नाही. पण बंद केल्यावर लगेच दुसरी तक्रार येईल की आता नेट अडकतं, कारण खरा रोग वेगळाच असतो: वायफाय कमजोर का पडतंय?

काकूंकडे कारण होतं कूलर. नागपूरकरांनी हे नीट वाचा. पारा ४५ ला टेकला की हॉलच्या खिडकीत लोखंडी बॉडीचा कूलर येतो. त्यांचा राऊटर हॉलमधल्या टीव्हीच्या मागे, कूलर हॉल आणि बेडरूमच्या मधल्या खिडकीत, आणि काकू दुपारभर बेडरूममध्ये. म्हणजे राऊटर आणि फोनच्या बरोबर मध्ये लोखंडी पत्रा, ओल्या ताट्या आणि पाण्याने भरलेली टाकी. लोखंड सिग्नल परतवतं आणि पाणी सिग्नल पितं, दोन्ही एकाच जागी. जानेवारीत काही त्रास नव्हता, एप्रिलपासून सुरू झाला, आणि दोष फोनला गेला. राऊटर टीव्हीमागून काढून कपाटावर, दारासमोर येईल असा ठेवला. बेडरूममध्ये सिग्नलच्या सगळ्या रेघा भरल्या. त्याच संध्याकाळी काकूंनी पुण्याला कॉल लावला आणि मला मुद्दाम बोलावून नातू दाखवला.

म्हणून उन्हाळ्यात हा त्रास सुरू झाला असेल तर राऊटर कुठे आणि कूलर कुठे ते आधी डोळ्यांनी पाहा. फोन घेऊन राऊटरच्या शेजारी उभं राहा, तिथे नेट पळत असेल आणि खोलीत अडत असेल तर फोनचा संबंध नाही. राऊटर दोन नावं दाखवत असेल, एक साधं आणि एक ५जी लिहिलेलं, तर लांबच्या खोलीत साधं वापरा. ते २.४ गिगाहर्ट्झचं असतं, वेग कमी पण भिंतीतून जास्त चांगलं जातं, ५ गिगाहर्ट्झवालं वेगवान पण भिंत आली की दमतं. आणि हो, त्या ५जी चा मोबाईलच्या ५जी शी काही संबंध नाही, हे मला रोज सांगावं लागतं. राऊटर बंद कपाटात किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, गरमीने तोही बेजार होतो.

आवाज भलतीकडे जातो

ब्लूटूथच्या पानावर जोडलेल्या वस्तूंची यादी पाहा. पोराची गाडी, जुना स्पीकर, भाच्याचे इअरबड, दोन वर्षांपूर्वीचा हेडफोन, सगळं तिथे असतं आणि त्यातलं जे जवळ चालू होईल ते फोन पकडतो. ओळखत नाही ते सगळं काढून टाका, फर्गेट किंवा अनपेअर दाबा. स्पीकर ठेवायचा आहे पण त्यावर कॉल नको असेल तर अँड्रॉइडमध्ये त्याच्या नावासमोरच्या चाकावर दाबून कॉलची खिटी बंद करता येते, गाणी चालू राहतात. कॉल चालू असतानाही स्क्रीनवर आवाज कुठे पाठवायचा ते निवडता येतं, स्पीकरच्या चिन्हावर.

चिन्ह आहे पण नेट नाही

वायफायच्या चिन्हाजवळ उद्गारचिन्ह आलं तर फोन राऊटरला जोडला गेलाय पण राऊटरलाच नेट येत नाहीये. घरातला दुसरा फोन पाहा. त्यावरही नसेल तर तुमच्या फोनची सेटिंग छेडू नका. राऊटर बंद करून अर्धा मिनिट थांबून चालू करा, लाईट गेल्या-आल्यानंतर तर हे करायलाच पाहिजे. फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबरमधून सिग्नलच येत नाहीये, वायर तुटली, वाकली किंवा निघाली. इथे थांबा आणि नेटवाल्याला फोन लावा. ती पिवळी बारीक वायर स्वतः ओढून, वाकवून पाहू नका, आत काच असते.

सगळं करूनही जमत नाही

मग क्रमाने. आधी फोन पूर्ण बंद करून चालू. मग त्या एका वायफायला फर्गेट करून पासवर्ड परत टाका, कारण राऊटरचा पासवर्ड बदलला असेल तर फोन जुनाच पासवर्ड घेऊन दार वाजवत बसतो. राऊटरमध्ये ठराविक फोनांनाच परवानगी दिलेली असेल, काही ऑफिस आणि हॉस्टेलमध्ये असं असतं, तर तिथेही घोळ होतो, कारण नवे फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा मॅक पत्ता (नेटवर्कवर फोन ओळखायचा नंबर) न देता बनवलेला पत्ता देतात, फर्गेट करून जोडल्यावर तो बदलू शकतो. तिथल्या माणसाला नवा पत्ता नोंदवायला सांगा. आणि सिस्टीम अपडेट बाकी असेल तर करून घ्या, अपडेटने बिघडलेलं पुढच्या अपडेटने सुधारलेलं मी पाहिलंय.

त्यानंतर नेटवर्क सेटिंग्स रीसेट. सॅमसंगमध्ये जनरल मॅनेजमेंटमध्ये, बाकी अँड्रॉइडमध्ये सिस्टीमच्या आत रीसेट ऑप्शन्समध्ये, आयफोनमध्ये जनरलच्या तळाशी. याने वायफायचे सगळे सेव्ह पासवर्ड आणि बऱ्याच फोनमध्ये ब्लूटूथच्या जोड्याही पुसल्या जातात, म्हणून आधी पासवर्ड कागदावर लिहून घ्या. फोटो, नंबर, व्हॉट्सॲप काही जात नाही.

पण त्याच पानावर त्याच्या खालीच फॅक्टरी रीसेट असतं, सगळं पुसणारं. एका काकांनी याच वायफायच्या तक्रारीसाठी दुसरीकडे कुठेतरी फोन दिला, तिथे "सॉफ्टवेअर मारावं लागेल" म्हणून अख्खा फोन पुसला, पैसेही घेतले. वायफायचं बटन नंतरही तसंच होतं, कारण ते बिघडलेलंच नव्हतं. गेले ते त्यांच्या वारलेल्या पत्नीचे फोटो, दुसरीकडे कुठे ठेवलेले नव्हते. मी बॅकअप शोधायचा खूप प्रयत्न केला, मिळाला नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगतो, बटनाच्या तक्रारीसाठी फॅक्टरी रीसेटला हो म्हणू नका, आणि कधी करायचीच वेळ आली तर फोटो स्वतःच्या डोळ्यांनी दुसरीकडे पोचलेले पाहिल्याशिवाय तर मुळीच नाही.

इथे थांबा, कारागिराकडे जा

वायफायचं बटन राखाडी आहे, किंवा चालू करता क्षणी आपोआप बंद होतं, आणि नेटवर्क रीसेट करूनही तेच. फोनच्या माहितीच्या पानावर वायफायचा मॅक पत्ता दिसत नाही, "उपलब्ध नाही" लिहून येतं किंवा ०२ नंतर नुसती शून्यं दिसतात. वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही एकदमच गेले. बऱ्याच फोनमध्ये या दोघांची आयसी (बोर्डावरची चिप) एकच असते, म्हणून दोन्ही सोबत जाणं ही हार्डवेअरची मोठी खूण आहे. फोन पडल्यावर, पाण्यात गेल्यावर किंवा उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर तापल्यावर हे सुरू झालं असेल तर शंकाच नको. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर चार्जिंगलाही लावू नका, ती बॅटरी आहे, तसाच घेऊन जा.

हे बोर्डाचं काम आहे, मी माझ्या दुकानात ते करत नाही आणि घरी कोणी करू नये. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर, बाहेर उघडला की वॉरंटीवर पाणी. वॉरंटी संपली असेल तर बोर्डाचं काम करणारा माहितीतला कारागीर शोधा आणि फोन द्यायच्या आधी विचारा: आयसी गरम करणार का बदलणार, नुसतं गरम करून चालू झालेलं वायफाय काही दिवसांत परत जाऊ शकतं, मग पैसे परत का काय. बोर्ड तापवताना फोन पूर्ण मरायची शक्यता असते, म्हणून वायफाय बंद असलं तरी मोबाईल डेटावर किंवा केबल लावून कॉम्प्युटरवर फोटो आणि नंबर आधी काढून घ्या. आणि सिम, मेमरी कार्ड काढून स्वतःजवळ ठेवा.